अहवालात न मावलेली गोष्ट



तुम्ही हे बडोद्यात ऐकत असाल, हैदराबादेत, ग्वाल्हेरात, बेळगावात, नाहीतर दिल्लीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये. मी बोलतोय महूहून. इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरची ही लष्करी छावणी. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म इथला, १८९१ सालचा, कारण त्यांचे वडील सुभेदार रामजी तेव्हा लष्करी नोकरीत इथे होते. सरकारी कागदावर आता गावाचं नाव डॉ. आंबेडकर नगर आहे, पण रिक्षावाल्याच्या तोंडी अजून महूच आहे.

मी मूळचा इंदूरचा. म्हणजे माझी मराठी माळव्याची. तिच्यात हिंदी कधी शिरते ते मला कळत नाही. त्यात एकतीस वर्षं फौजेत काढली. तिथे जेवणाला 'लंगर' म्हणायचं, मेजवानीला 'बडाखाना', आणि बाकी सगळं हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत. त्यामुळे बोलताना एखादा शब्द खटकला तर सांभाळून घ्या.

१९७९ साली इंदूरला बीएस्सी झालो, मग परीक्षा दिली, डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत गेलो आणि १९८१ साली सेकंड लेफ्टनंटचा तारा खांद्यावर लागला. २०१२ साली चोपन्नाव्या वर्षी कर्नल म्हणून बाहेर पडलो. त्या हुद्द्याचं निवृत्तीचं वय तेच. चोपन्न हे विचित्र वय असतं. घरी बसायला लवकर, नवं काही शिकायला उशीर. दोन वर्षं एका खाजगी संस्थेत प्रशासकीय अधिकारी होतो. दारावरच्या पहारेकऱ्यांच्या पाळ्या लावायच्या आणि जनरेटरच्या डिझेलवर सह्या करायच्या. करमलं नाही. सोडून दिलं.

लिहायला कसा लागलो ते सांगतो, म्हणजे त्यात काही दैवी प्रेरणा वगैरे नव्हती हे कळेल. मी झोपेत बोलतो. आमच्या सौभाग्यवतींनी तीस वर्षं ते ऐकलं. एके दिवशी सकाळी त्यांनी दोन शंभरपानी वह्या माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाल्या, "अहो, रात्री जे बोलता ते दिवसा लिहीत जा. मला झोप तरी लागेल."

मी लिहिलं. पहिली कथा पंधरा पानांची होती. एका गस्तीची. एका मराठी मासिकाच्या संपादकांना पाठवली. महिन्याभराने परत आली, सोबत दोन ओळी: 'अहवाल उत्तम आहे. आता कथा पाठवा.'

मला राग आला. कर्नलला राग येण्याची सवय असते, आणि समोर सुभेदार मेजर नसला की तो राग घरातल्या भांड्यांवर निघतो. दोन दिवसांनी शांतपणे कथा उघडून पाहिली. पहिलं वाक्य होतं: 'पहाटे ०४३० वाजता गस्त चौकीवर परतली. जीवितहानी नाही.' संपादकांचं खरं होतं.

फौजेत लिहायला शिकवतात, मंडळी. बाहेरच्या लोकांना वाटतं तिथे फक्त गोळी चालवायला शिकवतात. पण अधिकाऱ्याचं निम्मं आयुष्य कागदावर जातं. लष्करी लेखनाचे नियम कडक असतात. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात. वाक्य लहान. विशेषण नको. आदेशाचे पाच परिच्छेद ठरलेले: माहिती, उद्दिष्ट, कारवाई, रसद, संपर्क. यात न बसणारी गोष्ट लिहायचीच नाही. आणि हे बरोबरच आहे. रात्री दोन वाजता वायरलेसवर आदेश ऐकणाऱ्याला चांदणं कसं पडलं होतं ते नको असतं.

पण त्या गस्तीत काय झालं होतं? पोरं परतली तेव्हा एक जण बुखारीजवळ बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. बुखारी म्हणजे आमची रॉकेलची शेगडी. अर्धा तास झाला तरी नाडी सुटेना, कारण बोटंच वळत नव्हती. आणि त्याला कुणी मदत करत नव्हतं, कारण सगळ्यांच्याच बोटांची तीच गत होती. आठ माणसं आपापल्या बुटांकडे बघत गप्प बसली होती. हे 'जीवितहानी नाही' या दोन शब्दांत कुठे आहे?

तेव्हा मी एक व्यायाम सुरू केला, तो आजही करतो. आधी अहवाल लिहायचा, अगदी नियमाने. मग खाली रेघ मारायची आणि विचारायचं: यात मी काय गाळलं? रेघेच्या खाली जे येतं, ती कथा.

मग वाचायला लागलो. आपल्या आधी या वाटेने कोण कोण गेलं ते शोधलं. आपल्याच बेळगाव भागातले मनोहर माळगावकर. १९१३ चा जन्म, मराठा लाइट इन्फन्ट्रीत अधिकारी, लेफ्टनंट कर्नल होऊन बाहेर पडले. शिकारीच्या मोहिमा चालवल्या, मँगनीजच्या खाणी केल्या आणि चाळिशी उलटल्यावर लिहायला बसले. १९६० ची 'डिस्टंट ड्रम' ही त्यांची कादंबरी पलटणीच्या आयुष्यावरच आहे. १९६४ ची 'अ बेंड इन द गँजेस' फाळणीवर. जगलबेटच्या जंगलात घर करून राहिले आणि २०१० मध्ये गेले. घर मराठी, पण लिहिलं इंग्रजीत. याचं मला आधी वाईट वाटायचं. आता वाटत नाही. ज्या भाषेत माणूस मेसमध्ये वर्षानुवर्षं बोलला, त्याच भाषेत त्याला मेस दिसणार.

मल्याळममध्ये तर ही एक परंपराच आहे. कोविलन, नंदनार, पारप्पुरत्तु, सगळे फौजेत नोकरी केलेले. कोविलन आधी नौदलात होते, नंतर लष्कराच्या सिग्नल्समध्ये. त्यांच्या 'तट्टकम' कादंबरीला १९९८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. यातला कुणी जनरल नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बंगालीत काझी नजरुल इस्लाम. एकोणपन्नासाव्या बंगाली रेजिमेंटमध्ये हवालदार, कराचीच्या छावणीत. तिथून ते कलकत्त्याच्या मासिकांना मजकूर पाठवायचे. पुढे ते केवढे कवी झाले ते तुम्हाला माहीत आहे, पण सुरुवातीला छापून आलेलं त्यांचं लिखाण म्हणजे १९१९ सालची एक गद्य गोष्ट.

आणि माझा गर्व उतरवणारं उदाहरण म्हणजे हिंदीतली 'उसने कहा था'. चंद्रधर शर्मा गुलेरींची, १९१५ ची. पहिल्या महायुद्धात युरोपच्या खंदकात लढणाऱ्या शीख जमादाराची कथा. गुलेरी संस्कृतचे पंडित. खंदकात त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. आणि इकडे मी एकतीस वर्षं वर्दीत काढून 'जीवितहानी नाही' लिहीत होतो. तिथे असणं म्हणजे लिहिता येणं नव्हे, हे त्या दिवशी कळलं.

त्याच महायुद्धातली आणखी एक गोष्ट. आपल्या शिपायांची घरी जाणारी पत्रं सेन्सॉर वाचायचे. शिपायांनाही ते माहीत होतं. मग त्यांनी खुणेचे शब्द काढले. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. घरच्यांना लिहायचं की काळी मिरी फार खर्ची पडते आहे. ही पत्रं सेन्सॉरच्या कागदपत्रांत आजही जपलेली आहेत. मला वाटतं, फौजेतलं पहिलं ललित लेखन ते. सरळ सांगता येत नाही म्हणून दुसऱ्या वाटेने खरं सांगायचं.

हे सगळं वाचून माझ्या कथा सुधारल्या. तीन-चार छापूनही आल्या. पण एक कथा माझ्याच्याने लिहवत नव्हती. ती मी आज तुम्हाला सांगणार आहे. मला बोलावताना आयोजक म्हणाले होते, "सर, एखादा थरारक प्रसंग घ्या." थरारक काही नाही. दोन दिवसांचा हिशोब आहे.

नोव्हेंबर १९९३. मी तेव्हा मेजर होतो, कंपनी कमांडर, लडाखच्या बाजूला. पलटण कोणती आणि चौकी कुठली ते सांगणार नाही, कारण दोष पलटणीचा नाही, माझा आहे. चौकी साडेसतरा हजार फुटांवर होती.

उंचीबद्दल दोन शब्द सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मैदानातला माणूस एकदम तेवढ्या उंचीवर नेला तर त्याचं शरीर बिघडतं. हवेत प्राणवायू कमी, त्यामुळे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, दाब वाढतो आणि फुप्फुसात पाणी झिरपायला लागतं. आधी खोकला, मग आडवं झालं की दम लागणं, मग ओठ निळे, मग गुलाबी फेस. उपाय एकच आणि खात्रीचा: माणसाला खाली आणा. बाकी ऑक्सिजन, औषधं ही खाली पोचेपर्यंतची सोय. हे होऊ नये म्हणून फौजेत टप्प्याटप्प्याने चढवतात. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार, आणि त्याच्यावर आणखी चार. एकूण चौदा. पहिले दोन दिवस नुसता आराम, मग थोडं चालणं, मग थोडं चढणं. आणि लक्षात घ्या, वर सहा महिने राहिलेला तगडा जवानसुद्धा दोन महिने रजेवर गावी जाऊन आला की त्याला पुन्हा पहिल्यापासून चौदा दिवस. शरीराला मागचं आठवत नाही.

आमचा एक शिपाई असाच रजेवरून परत आला होता. सातारा जिल्ह्यातला. नाव सांगत नाही. घरी मुलगी झाली होती, तीन महिन्यांची. तिचा फोटो त्याने वरच्या खिशात ठेवला होता आणि कुणी विचारलं नाही तरी दाखवायचा.

त्याचे बारा दिवस झाले होते. वरच्या चौकीवर एका जवानाची बोटं हिमदंशाने काळी पडली, त्याला खाली आणावं लागलं. एक माणूस कमी झाला. आणि तो वायरलेस चालवणारा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तुकडी वर जाणार होती. हवामान बिघडणार होतं. ती तुकडी गेली की पुढे आठवडाभर रस्ता बंद. खाली वायरलेस येणारा माणूस एकच होता, हाच. त्याचे दोन दिवस बाकी होते.

डॉक्टर खाली होते. मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नाही. हे वाक्य बोलायला मला बावीस-तेवीस वर्षं लागली.

तो वर गेला. तिसऱ्या रात्री खोकला सुरू झाला. चौकीवर ऑक्सिजन होता, तो दिला. हेलिकॉप्टर त्या हवेत आणि अंधारात येणार नव्हतं. चौघांनी स्ट्रेचरवर घालून त्याला खाली आणायला सुरुवात केली. मी खालून दुसरी तुकडी घेऊन निघालो. वाटेत गाठ पडली तेव्हा तो गेलेला होता. चारही पोरांनी स्ट्रेचर खाली ठेवलं नव्हतं. मी 'ठेवा' म्हटलं, तेव्हा ठेवलं.

चौकशी झाली. कागदावर 'कारवाईची निकड' हे शब्द आले. ते मीच लिहिले होते. खोटे नव्हते. चौकीला वायरलेसवाला खरंच हवा होता. मला साधी ताकीदही मिळाली नाही.

मग पत्नीला पत्र लिहायचं. ते कंपनी कमांडरचं काम. मी लिहिलं की, 'कर्तव्य बजावत असताना, चौकीवर पोचल्यानंतर तिसऱ्या रात्री, अचानक प्रकृती बिघडून, फार त्रास न होता' वगैरे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं पत्र आलं असेल तर मला माफ करा. आम्ही ती पत्रं फार जपून लिहितो. त्यातला 'फार त्रास न होता' हा तुकडा जवळजवळ प्रत्येक पत्रात असतो. त्या रात्री त्याला साडेतीन तास त्रास झाला होता.

ही कथा मी २०१६ मध्ये लिहिली. नाव बदललं, गाव बदललं, चौकीचा पत्ता बदलला. चौदा दिवस आणि त्यातले कमी पडलेले दोन दिवस तेवढे ठेवले. लिहून झाल्यावर वाटलं, हीच आपली आतापर्यंतची सगळ्यात खरी गोष्ट. पाकीट तयार केलं. तर सौभाग्यवतींनी विचारलं, "त्या बाईंना दाखवलीत का?"

मी म्हटलं, "नाव बदललंय की."

त्या म्हणाल्या, "नाव बदललं म्हणून दुःख बदलतं का?"

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्ता मिळवला. पत्र लिहिलं. मुलीचा फोन आला: "आई म्हणाली, या." जी फोटोत तीन महिन्यांची होती, ती तेवीस वर्षांची झालेली होती.

महूहून साताऱ्याला जायला बराच वेळ लागतो. त्या वेळात मी माझी भाषणं तयार केली. एक, त्या रडल्या तर. दोन, त्या चिडल्या तर. फौजी माणूस, दोन्ही पर्यायांची तयारी करून गेलो.

दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याची पडवी. भिंतीवर त्याचा वर्दीतला फोटो. मी म्हटलं, "ताई, मी एक गोष्ट लिहिली आहे. ती छापायच्या आधी तुम्ही ऐकावी." त्यांनी मुलीला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "वाचा साहेब."

मी वाचली. पाऊण तास लागला असेल. त्या मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, "दोन दिवस कमी पडले व्हते, ते मला ठाऊक हाय."

मी बघतच राहिलो.

त्या आत गेल्या आणि पत्र्याची पेटी घेऊन आल्या. त्यात एक अंतर्देशीय पत्र होतं, त्याने वर पोचल्या दिवशी लिहिलेलं. 'आजपासून चौदा दिवस नुसतं बसून पगार खायचा' असं त्यात होतं. पत्रावर तारीख होती. आणि माझ्या पत्रात 'पोचल्यानंतर तिसऱ्या रात्री' असं लिहिलेलं होतं, त्याचीही तारीख होती. त्या म्हणाल्या, "मी कॅलेंडरावर बोट ठिवून मोजलं. चौदा भरंनात. बारा भरायचं. दोनदा मोजलं. मग तुमचं पत्र पेटीत ठिवलं, ते परत वाचलं न्हाई."

सातवी शिकलेली बाई. जो हिशोब चौकशीच्या कागदांत मी झाकून टाकला, तो तिने बाळंतपणाच्या खोलीत भिंतीवरच्या कॅलेंडरावर केला होता. तेवीस वर्षं तिला ठाऊक होतं, आणि मी समजत होतो की हे गुपित माझ्याकडे आहे.

माझ्या तयार भाषणांपैकी एकही उपयोगाचं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "तुमी गोष्टीत लिवलंय की ते म्हनले, 'साहेब, मी जातो.' ते आपनहून म्हनले, का तुमी आदी इच्यारलं?"

मंडळी, इथे मला घाम फुटला. कारण कथेत मी असंच लिहिलं होतं. अधिकारी चिंतेत तंबूत बसलेला, शिपाई स्वतः येतो, सलाम करतो आणि म्हणतो, साहेब, मी जातो. वाचताना डोळ्यांत पाणी यावं असा प्रसंग. प्रत्यक्षात काय झालं होतं? संध्याकाळी मी लंगरच्या तंबूत गेलो. सगळे जेवत होते. मी मोठ्याने विचारलं, "वर एक माणूस कमी आहे, वायरलेसवाला. कौन जायेगा?" आणि त्याच्याकडे बघितलं. सगळ्यांना माहीत होतं की वायरलेस येणारा एकच आहे. तो ताट घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मी जातो."

म्हणाला तोच. पण विचारलं मी, आणि बघितलं मी.

हे मी त्यांना सांगितलं. मुलगी उठून बाहेर गेली. त्या बसून राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग तसंच लिवा. आपनहून गेले म्हनलं की त्यांचाच दोष दिसतोय."

मी वीस-बावीस वर्षं मनाशी म्हणत होतो की अहवालात खरं मावत नाही, कथेत मावतं. आणि कथा लिहिताना मी काय केलं? अहवालात जे करत आलो तेच. फक्त भाषा सुंदर केली. अहवालात नजर लिहिता येत नाही, कारण तिला पाचातला कुठलाच परिच्छेद नाही. कथेत ती लिहिता येत होती, तिला भरपूर जागा होती, आणि मी नेमकी तीच गाळली होती. कल्पना वापरण्याची जी मोकळीक लेखकाला मिळते, ती मी स्वतःला वाचवायला वापरली होती.

निघताना त्यांनी आणखी एक विचारलं. कथेत एका ठिकाणी तो चौकीवर दोन्ही हातांत मग धरून चहा पितो असं आहे. त्या म्हणाल्या, "ते चा पीत न्हवते. घरात कधी प्याले न्हाईत."

मी म्हटलं, "ताई, तिथे पीत होता. खूप प्यायचा. साखर जास्त घालून मागायचा. लंगरवाला वैतागायचा."

"व्हय?" म्हणाल्या. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या हसल्या. तेवीस वर्षांनी त्यांना नवऱ्याबद्दल एक नवी गोष्ट कळली होती. माझ्या सगळ्या लेखनातून कुणाला खरोखर काही मिळालं असेल, तर ते एवढंच, असं मला अजून वाटतं.

त्यांनी मला माफ केलं का? मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ते विचारणं म्हणजे पुन्हा त्यांच्याकडूनच काहीतरी मागणं झालं असतं.

परत येऊन तो प्रसंग पुन्हा लिहिला. दीड पान. त्याला चार महिने लागले. कथा पुढच्या वर्षी एका दिवाळी अंकात आली. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस फराळासोबत वाचतो. त्या चकली-करंजीत माझी ही गोष्ट काहींच्या घशाला लागली असणार. बरोबरीच्या दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांनी फोन करून सुनावलं. एक म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू का उघडलीस?" मी म्हटलं, "मूठ उघडीच होती. फक्त आपल्याला ती झाकलेली वाटत होती." एका तरुण अधिकाऱ्याचाही फोन आला. तो तेव्हा उंचावरच होता. म्हणाला, "सर, कथा आवडली. पण चौकीवर माणूस आजही कमीच असतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता जाता जाता, निवृत्त होऊन लिहू पाहणाऱ्यांसाठी चार गोष्टी. फौजीच असायला पाहिजे असं नाही. बँकेतले, रेल्वेतले, पोलिसातले, नर्सिंग केलेले, सगळ्यांना लागू.

पहिली, नियमांची. नोकरीत असताना परवानगीशिवाय लष्करी किंवा राजकीय विषयावर काही छापता येत नाही. १९५४ च्या लष्करी नियमांतला एकविसावा नियम त्यासाठीच आहे. निवृत्तीनंतरही १९२३ चा शासकीय गोपनीयता कायदा सुटत नाही. 'कथा आहे' ही सबब चालत नाही. चौकीचा पत्ता, माणसांची संख्या, रस्ते असलं काही कथेला लागतही नाही. कथेला बुटाची नाडी पुरते.

दुसरी, भाषेची. मला भीती होती की माझी मराठी शुद्ध नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांना ही भीती असणार. ती सोडा. ज्या भाषेत तुम्ही ते दिवस जगलात, तीच पानावर येऊ द्या. माझ्या कथेत जवान हिंदी-मराठी मिसळून बोलतात, कारण ते तसंच बोलत होते. संपादकांनी एकदाही तक्रार केली नाही. त्यांची तक्रार वेगळी होती, ती सांगितलीच.

तिसरी, लिहिलेलं मोठ्याने वाचा, आणि ज्याला ते प्रसंग माहीत आहेत अशा माणसासमोर वाचा. साहित्य कळणारे पुष्कळ भेटतात. 'हे आधी कोण म्हणालं?' असं विचारणारा एखादाच भेटतो.

आणि चौथी. कथेत स्वतःला शोधा. तुम्ही प्रत्येक कथेत शहाणे, हळवे आणि बरोबर निघत असाल, तर कुठेतरी गडबड आहे. परत जाऊन बघा. तिथेच काहीतरी गाळलेलं असतं.

मी आता सदुसष्ट वर्षांचा होईन. पहाटे पाचला जाग येते, ती सवय काही सुटत नाही. दोन तास लिहितो. झोपेत बोलणं पूर्ण थांबलेलं नाही, पण कमी झालं आहे, असं सौभाग्यवती सांगतात, आणि त्यांचा अहवाल मी खरा मानतो.

तुमच्या घरात, शेजारात कुणी निवृत्त फौजी असेल तर त्याला थरारक प्रसंग विचारू नका. तो तयार असतो, शंभर वेळा सांगून झालेला असतो. त्याला विचारा, "काका, तुम्ही घरी पत्रं लिहायचात, त्यात काय लिहायचं टाळायचात?" मग थोडं थांबा. चहा टाका. त्याला वेळ लागेल.

 जय हिंद.